चौकटी वीस, अक्षरं तीस!

शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज तुमच्यापैकी पुष्कळांनी भरला असेल. त्यातल्या त्या इवल्या इवल्या चौकटी आठवतात ना? एका चौकटीत एकच अक्षर. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून इतकं लांबलं, की चौकटी संपल्या. पण पोरगी थांबते कसली! उरलेली अक्षरं तिनं सरळ जन्मतारखेच्या चौकटींत लिहून टाकली. वर म्हणते कशी, "बाई, तिथं जागा होती ना!"

मला हसू आलं. नवा कोरा अर्ज आणावा लागला, एवढंच काय ते नुकसान. पण अगदी हीच चूक एका संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये होती आणि तिच्यामुळे १९८८ साली अमेरिकेतल्या हजारो संगणकांची त्रेधा उडाली. ती गोष्ट ऐकायची, तर आधी 'सी' भाषेची थोडी ओळख हवी.

'सी' ही संगणकाला सूचना देण्याची भाषा. डेनिस रिची यांनी ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केली. आपण कळफलकावर एक ओळ लिहून एंटर दाबतो, तेव्हा ती ओळ ठेवायला संगणकाच्या स्मृतीत जागा लागते. 'सी'मध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ती आधीच मागून ठेवायची: मला वीस चौकटी दे. त्यातही गंमत अशी, की मजकूर इथं संपला हे कळावं म्हणून शेवटच्या अक्षरापुढे एक शून्य ठेवावं लागतं. म्हणजे वीस चौकटींत अक्षरं मावणार एकोणीसच!

ओळ वाचायला 'सी'मध्ये 'गेट्स' नावाचं एक तयार साधन होतं. वापरायला अगदी सोपं. चौकटी कुठे सुरू होतात ते सांगा, की एंटर येईपर्यंत ते अक्षरं भरत सुटायचं. पण चौकटी किती आहेत, हे त्याला कोणी सांगतच नसे! सांगायची सोयच नव्हती. मग वीस चौकटी आणि तीस अक्षरं असली, की उरलेली अक्षरं शेजारच्या जागेत. आमच्या वर्गातल्या मुलीसारखंच की!

बरं, शेजारी काय असतं? तिथंच आसपास संगणकानं स्वतःसाठी एक चिठ्ठी ठेवलेली असते: हे काम झालं, की परत अमुक ठिकाणी जायचं. त्या चिठ्ठीवरच दुसरी अक्षरं पडली तर? संगणक भलतीकडेच जाणार.

२ नोव्हेंबर १९८८. रॉबर्ट मॉरिस नावाच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यानं इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सोडला. तो आपला आपणच एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचा, म्हणून त्याला 'वर्म', म्हणजे किडा, म्हणतात. शिरायच्या त्याच्या वाटा अनेक होत्या. पासवर्ड ओळखणं ही त्यातलीच एक. पण आपल्या कामाची वाट 'फिंगर' या सेवेची. या संगणकावर अमुक माणूस आहे का, असं एका ओळीत विचारलं, की ती उत्तर देई. ती ओळ वाचायची 'गेट्स'नं, आणि चौकटी होत्या ५१२. किड्यानं पाठवले ५३६! जादा मजकूर बरोब्बर त्या चिठ्ठीवर पडला आणि तिथं लिहिलं गेलं, "परत जायचं ते माझ्या सूचनांकडे."

एकाच संगणकात तो पुन्हा पुन्हा शिरत राहिला, म्हणून संगणक मंदावत मंदावत ठप्प झाले. तेव्हा इंटरनेटला जोडलेले सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांतले ६,००० सापडले असावेत, असा अंदाज करतात. मॉरिसला १९९० मध्ये दंड आणि ४०० तास समाजसेवेची शिक्षा झाली. 'गेट्स'ला मात्र घरी जायला २०११ साल उजाडलं! त्या वर्षीच्या 'सी'च्या प्रमाण नियमांतून ते काढून टाकलं.

त्याच्या जागी वापरायचं ते 'एफगेट्स'. त्याला चौकटींची संख्या सांगावीच लागते. वीस सांगितल्या, तर ते एकोणीस घेऊन थांबतं आणि विसाव्यात शून्य ठेवतं. उरलेली अक्षरं रांगेत उभी राहतात, पुढच्या वाचनाच्या वेळी येतात. आणखी एक खोड आहे त्याला. जागा असली, तर एंटरची खूणसुद्धा ते मजकुरात ठेवतं. नवशिक्यांना ती नकोशी वाटते, पण मला ती फार उपयोगी वाटते. खूण दिसली, की ओळ पूर्ण आली. नाही दिसली, तर बहुधा काहीतरी मागे राहिलंय.

पुष्कळ जण आधी 'स्कॅनएफ' शिकतात. त्याला शब्द वाचायला सांगून "सुमन कदम" लिहा बरं. ते मोकळ्या जागेपाशी थांबतं. सुमन आत, कदम बाहेर! पुढचा प्रश्न वयाचा असला, तर आकड्याऐवजी समोर कदम उभे, आणि वय वाचलंच जात नाही. शिवाय मर्यादा घालून दिली नाही, तर तेही 'गेट्स'सारखंच चौकटींबाहेर जातं.

आता आपल्या मराठीची गंमत. 'एफगेट्स' अक्षरं नाही, बाइट मोजतं. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. व्यंजन वेगळं, काना-मात्रा वेगळी, पाय मोडल्याची खूणही वेगळी. 'ज्ञानेश्वरी'त अशा ११ खुणा, म्हणजे ३३ बाइट. वीस चौकटी दिल्यात, तर 'ज्ञाने' पुरं येईल आणि 'श'चा एक तृतीयांश तुकडा! पडद्यावर तिथं चमत्कारिक चिन्ह दिसलं, तर घाबरू नका. एंटर आणि शून्य धरून तिला ३५ चौकटी हव्यात. 'सई'चं बरं आहे, तिला आठच पुरतात. आणि तुमच्या नावाला? कागद घ्या आणि मोजा पाहू!