डोळ्यांनी ऐकलेला शब्द

माझी भाची चौथीत आहे. परवा आजीच्या ओट्यावर डब्याला मोबाइल टेकवून ती एक व्हिडिओ बघत होती. पडद्यावरची बाई एकेक वस्तू उचलून तिचं इंग्रजी नाव सांगायची आणि ही लगेच तीच वस्तू मांडणीवर हुडकायची. लेडल म्हणजे डाव! ग्रेटर म्हणजे किसणी! रोलिंग पिन म्हणजे लाटणं! मग आलं ‘कबर्ड’. स्पेलिंगमध्ये ‘कप’ आणि ‘बोर्ड’ दोन्ही शाबूत, कारण फार पूर्वी ती खरोखरच कप मांडायची फळी होती. बोलता बोलता त्यातला ‘प’ गळून गेला. नुसतं पुस्तकात वाचलं असतं तर ती ‘कपबोर्ड’च म्हणाली असती.

गाडी अडली ती कपड्यांच्या व्हिडिओत. बनियनला ‘व्हेस्ट’ म्हणतात. ही म्हणे ‘वेस्ट’, म्हणजे पश्चिम दिशा! तीनदा ऐकलं, तीनदा चुकलं. मग मी तिला म्हटलं, “आवाज पूर्ण बंद कर आणि फक्त बाईचे ओठ बघ.”

तिनं बघितलं आणि ओरडलीच, “अगं, तिचे वरचे दात खालच्या ओठावर टेकतायत!”

तुम्हीही आरशासमोर उभे राहून करून बघा. ‘व्हेस्ट’ म्हणताना दात ओठावर टेकवा आणि आवाज घुमवा. ‘वेस्ट’ म्हणताना शीळ घालायला करतो तसा ओठांचा चंबू करा. आपला मराठी ‘व’ या दोघांच्या मधला. ओठ दातांजवळ जातो, पण नीट टेकत नाही. म्हणून कानांना दोन्ही शब्द सारखेच वाटले होते. डोळ्यांनी मात्र फरक पकडला!

आता खरी गंमत ऐका. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या फिल्ममध्ये ओठ ‘गा’ म्हणत होते आणि आवाज जोडला होता ‘बा’चा. बघणाऱ्या बहुतेकांना काय ऐकू आलं असेल? ‘डा’! जे कुणी म्हटलंच नव्हतं, ते! डोळे मिटले की ‘बा’, उघडले की पुन्हा ‘डा’. ही युक्ती माहीत असली तरी फसायला होतंच. कारण मेंदू कानांचं आणि डोळ्यांचं, दोघांचं म्हणणं एकत्र करतो आणि मगच ‘ऐकतो’. म्हणून शब्दांचा व्हिडिओ निवडताना बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो ना, हे मी सगळ्यात आधी बघते. नुसती चित्रं नाचत असतील तर अर्धा धडा गेलाच.

पण चेहरा दिसला की झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांना गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. असं बारा वेळा. माणसांबरोबर खेळलेली बाळं चिनी भाषेतले बारीक आवाज ओळखू लागली. पडद्यासमोरची बाळं काहीच शिकली नाहीत! हा निकाल २००३ साली जाहीर झाला.

तुम्ही काही नऊ महिन्यांचे नाही. व्हिडिओतून तुम्ही शब्द नक्की शिकता. पण पडदा तुमच्याकडे बघत नाही, तुम्ही अडलात तर थांबत नाही. तो शब्द बोलायला समोर कुणीतरी हवंच.

भाचीनं ते कुणीतरी तिथेच शोधलं. बनियन नाचवत ती आजीसमोर उभी राहिली. “आजी, वरचे दात खालच्या ओठावर टेकव आणि म्हण!”

आजीनं पोळी तव्यावरून उतरवली, अंगठ्यानं कवळी नीट बसवली, दात ओठावर टेकवले आणि म्हणाली, “व्हेस्ट!” अगदी व्हिडिओतल्या बाईसारखं.

मग हातातलं उलथणं पुढे करून विचारलं, “आणि याला गं काय म्हणतात?”