नवा टायर आणि जुनी समजूत

नव्या वस्तूवर विसंबणे हा मनुष्यस्वभाव आहे. छत्री नवी असली की ती गळणार नाही, दोर नवा असला की तो तुटणार नाही, असे आपण गृहीत धरतो आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. त्यामुळे मोटारसायकलचे झिजून गोटा झालेले टायर काढून नवे टायर बसवून घेणारा गृहस्थ दुकानातून बाहेर पडतो तो मोठ्या निर्धास्तपणे. पैसे बरेच मोजलेले असतात. त्या मोबदल्यात आपण सुरक्षितता विकत घेतली, अशी त्याची भावना असते. ही भावना सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. ती थोडी अगोदर आलेली आहे, इतकेच. नवा टायर रस्ता पुरता धरू लागण्यापूर्वी त्याला काही अंतर चालावे लागते आणि ते अंतर संपेपर्यंत तो आपल्या अपेक्षेइतका भरवशाचा नसतो. ही गोष्ट टायर बनविणाऱ्याला ठाऊक असते, शर्यतीत गाडी चालविणाऱ्याला ठाऊक असते. ठाऊक नसते ती बहुधा ज्याच्या जिवाशी तिचा संबंध आहे त्यालाच.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीवरून जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. हे सारे टायरमुळे दगावले असे कोणीही म्हणणार नाही. तथापि दुचाकी आणि रस्ता यांचा एकमेकांशी संबंध येतो तो केवळ दोन ठिकाणी, आणि त्यांतले प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे असते. ब्रेक, इंजिन, चालवणाऱ्याचे कौशल्य या सर्वांचा कारभार अखेर त्या दोन तळहातांवर चालतो. तेव्हा त्या तळहातांविषयी दोन शब्द लिहिणे अस्थानी ठरू नये.

निसरडेपणाची कारणे

कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापवले असता ते लवचीक व टिकाऊ होते, हा शोध चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली लावला. पुढे १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आजचा टायरही मूलतः त्याच मार्गाने जन्माला येतो. तापलेल्या पोलादी साच्यात दाब देऊन तो तयार केला जातो आणि साच्याच्या गुळगुळीत अंगाचा ठसा त्याच्या पृष्ठभागावर उमटतो. रबर साच्याला चिकटू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्याचा पातळ थर टायरवर राहतो, असे पूर्वीपासून सांगितले जाते. आता पुष्कळ कारखाने साच्यांनाच कायमचा लेप देतात, त्यामुळे ते कारण पूर्वीइतके सर्वत्र लागू नाही. परंतु ऊन आणि हवा यांपासून रबराचे रक्षण व्हावे म्हणून त्यात मिसळलेली मेणासारखी द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात. नव्या टायरची जी चकाकी पाहून आपण सुखावतो, ती अशी असते. रबर रस्ता धरते ते डांबराच्या बारीक खडबडीतपणात रुतून. गुळगुळीत, चकाकणाऱ्या पृष्ठभागाला ते तितकेसे साधत नाही. रस्त्यानेच घासून तो थोडा खरबरीत झाला म्हणजे पकड येते.

दुसरे कारण आकाराचे. शहरात सरळ रस्त्यांवर चाललेला टायर मधोमध झिजून चपटा होतो. ही झीज महिनोन्‌महिने चालू असल्याने चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याचे हात त्या चपट्या टायरला सरावलेले असतात. नवा टायर गोलाईदार असतो. गाडी जरा कलवली की ती आपणहून झुकते, हँडल एकदम हलके लागते. पट्टीच्या चालकाला हा हलकेपणा आवडतो. नवख्याला मात्र गाडी हातातून निसटते आहे असे वाटते आणि तो वळणातच घाबरून ब्रेक दाबतो. शिवाय नव्या टायरच्या नक्षीचे ठोकळे उंच असल्याने ते भाराखाली थोडे हलतात, त्यामुळे गाडी किंचित डुलल्यासारखी वाटते. तिसरे कारण बसवण्याचे. रिमवर टायर चढवताना त्याच्या कडेला साबणाचे पाणी किंवा तत्सम ओशट पदार्थ लावावा लागतो. तो वाळून टायर रिमवर पक्का बसण्याआधीच करकचून ब्रेक लावला किंवा एकदम वेग घेतला, तर टायर रिमवर सरकू शकतो.

ही अवस्था किती काळ टिकते? निरनिराळ्या कंपन्या निरनिराळे आकडे सांगतात. सर्वसाधारणपणे १५० ते ३०० किलोमीटर ही मर्यादा धरायला हरकत नाही. मात्र येथे एक बारकावा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. टायरचा जेवढा भाग रस्त्याला घासला जातो, तेवढाच तयार होतो. घरापासून कचेरीपर्यंत आणि कचेरीपासून घरापर्यंत सरळ रस्त्याने ५०० किलोमीटर झाले, तरी टायरच्या दोन्ही कडा कोऱ्याच राहतात. मग एखाद्या रविवारी तोच गृहस्थ आंबोलीचा किंवा वरंध्याचा घाट चढू लागतो आणि पहिल्या आवळ वळणावर गाडी कलते, ती नेमकी त्या कोऱ्या कडेवर. किलोमीटरचा आकडा पुरा झाला म्हणून टायर पुरा तयार झाला, असे होत नाही.

ज्ञान कोठे अडते?

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवतो. टायरचा कारखाना त्याने चालवलेला नाही. परंतु या प्रश्नात त्याला विशेष रस वाटतो तो याचसाठी की येथे वस्तू गिऱ्हाइकापर्यंत पोचते आणि तिच्याविषयीचे ज्ञान मात्र वाटेतच अडून राहते. जुन्या वाचकांना आठवत असेल, एकेकाळी नव्या स्कूटरच्या पाठीमागे ‘रनिंग इन’ अशी पाटी लावण्याचा प्रघात होता. पहिले काही किलोमीटर इंजिन ताणायचे नाही, हे शाळकरी मुलालाही माहीत असे. मग टायरच्याच बाबतीत असा प्रघात का पडला नाही? उत्तर सरळ आहे. इंजिन लवकर बिघडले तर हमीच्या मुदतीत ते दुरुस्त करून देण्याचा खर्च कंपनीवर पडतो. म्हणून कंपनी गिऱ्हाइकाला पुनःपुन्हा बजावते. नव्या टायरवरून कोणी घसरला तर हमीचा प्रश्नच उद्भवत नाही. दोष चालवणाऱ्याच्या वेगाला दिला जातो, रस्त्यावरच्या वाळूला दिला जातो, किंवा नशिबाला. नुकसान ज्याचे होते त्याला माहिती नाही आणि माहिती ज्याच्याकडे आहे त्याचे नुकसान नाही, अशी ही रचना आहे. एक वाक्य सांगण्यास काहीच खर्च येत नाही. तरीही ते सांगितले जात नाही, कारण न सांगण्यासही काही खर्च येत नाही.

याला दुसरीही एक बाजू आहे. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली असे प्रतिपादन केले की, मोटारीत सुरक्षेची साधने वाढली की चालक अधिक धाडसाने गाडी हाकतो आणि त्या साधनांचा लाभ काही अंशी वाया जातो. या सिद्धान्ताच्या व्याप्तीविषयी पुष्कळ वाद झाले. परंतु त्यातले निरीक्षण आपल्या नेहमीच्या अनुभवाशी जुळणारे आहे. गोटा झालेल्या टायरवर माणूस जपून चालतो. नवा टायर बसला की त्याच दिवशी तो वेग वाढवतो. आपल्याकडे १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना २०१८-१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, हे उत्तमच झाले. परंतु ते चाक अडकू देत नाही, इतकेच. टायरमध्ये नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही.

जूनची खरेदी

मध्यमवर्गीय घरात टायरची खरेदी शक्य तितकी पुढे ढकलली जाते. मुलांच्या शाळेची फी, घराचा हप्ता, औषधपाणी यांपुढे टायरचा क्रम शेवटचा लागतो. शासनानेही या वस्तूकडे दीर्घकाळ चैनीची वस्तू असल्यासारखेच पाहिले. नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी. परिणामी पुष्कळांचे टायर बदलले जातात ते पाऊस दाराशी आला म्हणजे, जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे टायर कोरा, आणि रस्त्यावर उन्हाळाभर साचलेले तेल व धूळ पहिल्या सरीने वर आलेली. दोन निसरडेपणांची गाठ घालून देण्याचा याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला घसारा ही कल्पना परिचित असते. टायरचाही घसारा दरमहा थोडा बाजूला काढून ठेवला आणि खरेदी एप्रिल-मेमध्ये केली, तर कोरड्या रस्त्यावर टायर तयार होतो आणि पावसाळ्यात तो खरोखरीच उपयोगी पडतो.

पथ्ये थोडीच आहेत. पहिले २००-३०० किलोमीटर ब्रेक हलक्या हाताने व लवकर लावावा, वेग सावकाश वाढवावा, पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर राखावे. वळणावर गाडी कलवावी, पण थोडी थोडी. रोज किंचित अधिक. हवेचा दाब गाडी थंड असताना, कंपनीने सांगितल्याप्रमाणे तपासावा. टायर लवकर घासला जावा म्हणून हवा कमी ठेवू नये. टायरवर डिझेल, रॉकेल किंवा पॉलिश कदापि चोळू नये. काच-कागदाने घासण्याचाही खटाटोप नको, ते काम रस्ता करतो. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास तो बरोबर बसला आहे ना, हे दुकानातच पाहावे. तेथेच चार आकडी संख्या असते. तिचे पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवा’ म्हणून विकला जाणारा टायर किती वर्षे दुकानात पडून होता, हे त्यावरून कळते.

ही पथ्ये पाळणे सर्वांना सारखेच परवडते असे मात्र नाही. प्राध्यापक किंवा कारकून पंधरा मिनिटे आधी घरून निघू शकतो. घरोघरी जेवणाचे डबे आणि सामान पोचविणाऱ्या तरुणाची कमाई फेऱ्यांवर ठरते; त्याला सकाळी टायर बदलून दुपारी भर गर्दीत धावावे लागते. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांचे शिक्षण अशाच कमाईवर चालले आहे. त्यांना ‘सावकाश जा’ असा उपदेश करणे सोपे आहे; टायर बदलल्यानंतरचे दोन दिवस फेऱ्यांची घाई नको, एवढी सवलत त्यांना देणे हे त्यांच्या श्रमावर धंदा करणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

उपाय अवाढव्य नाही. प्रत्येक नव्या टायरवर किमतीची व मापाची चिठ्ठी डकवलेली असतेच. तिच्यावर मराठीत आणि त्या त्या प्रांताच्या भाषेत एक ओळ छापावी: पहिले ३०० किलोमीटर जपून. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी जी लेखी परीक्षा होते, तीत यावर एक प्रश्न असावा. आणि टायर बसवणाऱ्या कारागिराने पैसे घेताना तेवढे एक वाक्य तोंडाने सांगावे. गिऱ्हाईक छापील अक्षरापेक्षा त्याच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवते. कायदा होईल तेव्हा होवो. तोवर ज्याला हे ठाऊक झाले त्याने शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला ते सांगावे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.