केबलच्या टोकात काय दडलंय?

आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींत कुणी नवा हँडसेट आणला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. "काका, जरा फ्रिक्वेन्सी भरून द्या." मी आधी तो संगणकाला जोडायची केबल बघायला मागतो. बाओफेंग यूव्ही-५आरमध्ये १२८ चॅनेल मावतात. रिपीटरच्या, म्हणजे आपला आवाज पुढे पाठवणाऱ्या केंद्राच्या, एकेका चॅनेलला ऐकायची फ्रिक्वेन्सी, बोलायची फ्रिक्वेन्सी, शिवाय ८८.५ हर्ट्झसारखा एखादा टोन. हे सगळं त्या इवल्या बटणांवर दाबता दाबता जीव मेटाकुटीला येतो. चॅनेलला नाव तर बटणांवरून देताच येत नाही. संगणकावर हेच काम चटकन उरकतं, पण केबल धड हवी.

ही केबल म्हणजे साधी वायर नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगतो. जुन्या संगणकाच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवर 'एक' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि 'शून्य' म्हणजे तेवढेच अधिक व्होल्ट. हँडसेटमधल्या प्रोसेसरला मात्र शून्य आणि ३.३ किंवा ५ व्होल्ट एवढंच कळतं. दोघांना थेट जोडलं तर सेट जळायची भीती. म्हणून पूर्वी मोटोरोलाच्या सेटसाठी मध्ये 'रिब' नावाचा डबा लावत. आता तो दुभाषा चिप होऊन केबलच्या यूएसबी टोकातच बसलेला असतो.

फसगत होते ती इथेच. प्रोलिफिकची पीएल२३०३ ही चिप इतकी खपली की तिच्या नकला बाजारात आल्या. कंपनीचा नवा ड्रायव्हर नकली चिप चालू देत नाही. विंडोजमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०' दिसतो. एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीने तर २०१४ मध्ये असा ड्रायव्हर काढला की नकली चिपचा ओळखक्रमांकच शून्य व्हायचा आणि केबल निकामी ठरायची. भुर्दंड बसला गिऱ्हाइकाला. प्लास्टिकच्या आत काय आहे ते त्याला कसं दिसणार? दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, केबल अस्सल एफटीडीआय चिपचीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या टोकाला केनवुड पद्धतीच्या दोन पिना असतात, एक ३.५ मिलिमीटरची, दुसरी २.५ची. त्यांच्याभोवतीचं प्लास्टिक कधीकधी जाड असतं. ते सेटच्या कडेला अडतं आणि पिना केसभर बाहेर राहतात. संगणक म्हणतो रेडिओ उत्तर देत नाही, आणि माणूस तासन्‌तास ड्रायव्हर बदलत बसतो. मी कटरने ती कड हलकेच तासतो आणि अंगठ्याने दाबतो. पिना पक्क्या बसल्या की बोटाला 'टक्' जाणवतं.

सॉफ्टवेअर म्हणून चर्प उत्तम, शिवाय फुकट. सेट बंद ठेवून केबल लावायची, मग सुरू करून शांत फ्रिक्वेन्सीवर ठेवायचा. मध्येच कुणाचा आवाज आला तर काम बिघडतं. आधी सेटमधली माहिती वाचून घ्यायची, तिची एक प्रत जपून ठेवायची आणि मगच बदल करून परत लिहायची. शेजाऱ्याच्या सेटची फाइल आपल्यात ओतू नये. बाहेरून सेट सारखे दिसले तरी आतलं फर्मवेअर वेगळं निघू शकतं.

"पोलिसांचीही फ्रिक्वेन्सी टाका ना," असं कुणी म्हटलं की मी सेट परत देतो. केबलने काहीही भरता येतं, म्हणून त्यावर बोलायचा हक्क मिळत नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा हौशी पट्टाही परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्यांसाठीच आहे. ती परीक्षा द्यायची तयारी असेल, तर शिकवायला मी कधीही बसतो.