बोट खेळाडूचे, निर्णय कुणाचा?

वणी तालुक्यातल्या राजूर कॉलरीसारख्या गावात व्हिडिओ गेम म्हणजे मोबाइल. प्लेस्टेशन किंवा गेमिंग पीसी क्वचित कुणाकडे; बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स मात्र पोरांना तोंडपाठ. चौघांचा स्क्वॉड जमतो, कस्टम रूमचा आयडी-पासवर्ड येतो आणि सामना सुरू होण्याआधीच वाद पेटतो. एकाने ट्रिगर लावलेत, दुसऱ्याकडे आयपॅड आहे, तिसरा इम्युलेटर टाकून कॉम्प्युटरवर बसलाय. हरलेला ‘चीटिंग’ म्हणून ओरडतो, जिंकलेला म्हणतो, ‘तूही घे की!’ जगातल्या सगळ्यात मोठ्या ई-स्पर्धांचे पंचही गेली काही वर्षे नेमका हाच वाद निस्तरत आहेत. तो सोडवायचा तर आधी यंत्रात काय घडते ते पाहावे लागेल.

काच, बोट आणि ट्रिगर

मोबाइलच्या काचेखाली सूक्ष्म विद्युतवाहक जाळी असते. आपल्या शरीरातून वीज वाहते, म्हणून बोट टेकले की त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला जागा कळते. नेहमीच्या पद्धतीत डावा अंगठा पात्राला चालवतो. उजव्या अंगठ्याला मात्र नेमही धरायचा असतो आणि गोळीही झाडायची असते. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. म्हणून सराईत खेळाडू तर्जन्या वरून काचेवर वाकवतात. हा झाला ‘क्लॉ’. तो बसायला महिनोन्‌महिने सराव लागतो.

ट्रिगर हा त्यावरचा सोपा उपाय. फोनच्या वरच्या कडेला चिमट्यासारखे बटण बसवायचे. ते दाबले की त्याच्या टोकाचा वाहक तुकडा काचेला टेकतो आणि फोनला वाटते बोटच लागले. एकदा दाबले, एकदा स्पर्श झाला. इथवर ते फक्त बोटाची लांबी वाढवते. पण बाजारात बॅटरीवर चालणारे ट्रिगरही मिळतात. त्यांचे बटण धरून ठेवले की ते स्वतःच सेकंदाला अनेक स्पर्श करत राहतात. एसकेएस किंवा मिनी-१४ सारख्या एका टॅपला एक गोळी सुटणाऱ्या बंदुकीत याचा अर्थ उघड आहे. टॅपचा वेग आता खेळाडूच्या हातात राहिलेला नसतो. दिसायला दोन्ही ट्रिगर सारखेच, आणि स्पर्धेत हँडकॅम, म्हणजे हातांवर रोखलेला कॅमेरा, लावायला सांगितला तरी त्यात बोटे दिसतात, ट्रिगरच्या पोटातला सर्किट बोर्ड दिसत नाही.

आयपॅडचा प्रश्न वेगळा. त्याचा पडदा ४:३ प्रमाणातला, त्यामुळे लांबट फोनच्या तुलनेत वर-खालचा भाग जास्त दिसतो. पोरे याला ‘आयपॅड व्ह्यू’ म्हणतात. शिवाय चित्रांचा वेग. सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा फोन दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र देतो, १२० वाला ८.३ मिलिसेकंदांनी. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यापुढे आठ मिलिसेकंद किरकोळ वाटतील, पण दोघेही तितकेच चपळ असले तर चकमकीचा निकाल अशाच फरकावर लागू शकतो.

गाइलचा सॉनिक बूम

लढतीच्या खेळांमध्ये हा वाद आणखी जुना आणि बारीक आहे. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या गाइलचे उदाहरण घ्या. त्याचा ‘सॉनिक बूम’ सोडायचा तर आधी कंट्रोलरचा दांडा (जॉयस्टिक) मागच्या दिशेला काही काळ धरून ठेवावा लागतो, मग झटक्यात पुढे नेऊन ठोशाचे बटण दाबायचे. मागे धरणे हाच या खेळातला बचावही. म्हणजे दांडा मागून मध्यात आणि मध्यातून पुढे जातो त्या क्षणी गाइल उघडा पडतो. ही जोखीम खेळाच्या रचनेचाच भाग आहे.

आता दांड्याऐवजी चारही दिशांना स्वतंत्र बटणे असलेला ‘हिट बॉक्स’ प्रकारचा डबा घ्या. एका बोटाने ‘मागे’ दाबून ठेवायचे आणि दुसऱ्याने ‘पुढे’ नुसते टिचकीसारखे दाबायचे. दोन्ही बटणे दाबलेली असताना ‘शेवटचे बटण खरे’ असे डब्याच्या आत ठरवलेले असेल, तर वार सुटतो आणि टिचकी संपताच बचाव आपोआप परत येतो. मधला प्रवास जवळजवळ गायब! २०१९ मध्ये जपानचा नामवंत खेळाडू दायगो उमेहारा याचा असाच बटणांचा डबा ‘स्ट्रीट फायटर’ बनवणाऱ्या कॅपकॉमच्या स्पर्धामालिकेत नियमबाह्य ठरला. पुढे ‘स्ट्रीट फायटर ६’च्या काळात कॅपकॉमने डब्यावर सरसकट बंदी न घालता मधला मार्ग काढला: डावे-उजवे एकत्र दाबले तर ‘शेवटचे खरे’ चालणार नाही. दिशा बदलायची तर आधीचे बोट खेळाडूनेच उचलायचे.

संगणकावरच्या ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्येही तेच घडले. या खेळात पळताना नेम लागत नाही. डावीकडे पळताना थबकायचे तर डावी की सोडून क्षणभर उजवी दाबावी लागते. हा क्षण अचूक साधणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम. २०२४ मध्ये रेझर कंपनीने ‘स्नॅप टॅप’ नावाची सोय आणली: दोन्ही कीज दाबलेल्या असल्या तरी कीबोर्ड स्वतःच पहिली सोडल्याचे खेळाला कळवतो. वूटिंगच्या कीबोर्डातही तशी सोय आली. १९ ऑगस्ट २०२४ रोजी खेळाची मालक असलेल्या व्हॉल्व्हने यावर बोट ठेवले. एका दाबातून खेळाडूच्या एकाहून अधिक कृती आपोआप होत असल्याचा संशय आला, तर त्याला सामन्यातून बाहेर काढले जाऊ शकते, असे तिने जाहीर केले.

पटावरचा नियम

या सगळ्या निवाड्यांत एक समान धागा दिसतो. साधन वेगळे असणे हा गुन्हा नाही. साधनाने खेळाडूच्या वतीने निर्णय घेणे हा गुन्हा. विदर्भातल्या माणसाला हे शंकरपटावरून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवरून, लगेच उमगेल. तिथे कुणाची जोडी लाखांची असते, कुणाची घरच्या गोठ्यातली; त्यावर कुणी हरकत घेत नाही. पण काठी, चाबूक किंवा विजेचा झटका देणारे साधन नियमात बसत नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही ई-स्पोर्ट्सची व्याख्या करताना निकाल शारीरिक चापल्य, बौद्धिक चपळाई आणि डावपेच अशा कौशल्यांवरच ठरला पाहिजे, असे म्हटले आहे. बॅटरीवाला ट्रिगर या व्याख्येत कुठेच बसत नाही.

हीच कसोटी दिव्यांग खेळाडूंच्या बाजूने उभी राहते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या ‘एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ला दोन मोठी बटणे आहेत आणि बाहेरची बटणे-पेडल जोडायला मागे १९ जागा. कुणी पायाने खेळेल, कुणी कोपराने. पण किती वेळा आणि कधी दाबायचे हे तोच ठरवतो. अमेरिकेचा माइक बेगम, अर्थात ‘ब्रोलीलेग्स’, जन्मजात सांध्यांच्या विकारामुळे हात वापरू शकत नव्हता. त्याने साधाच कंट्रोलर तोंडाने हाताळत ‘स्ट्रीट फायटर’मध्ये नाव कमावले. पण साध्या कंट्रोलरवर सगळ्यांनाच जमत नाही, आणि ‘वेगळे साधन सरसकट बंद’ हा नियम चीटिंग थांबवण्याआधी अशाच खेळाडूंची वाट अडवतो.

अर्थात ही कसोटी सगळीकडे पुरत नाही. २००१ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’मध्ये दांड्याचा कोन आकड्यांत मोजला जातो आणि अंगठ्याला तोच आकडा दर वेळी गाठता येत नाही. न्यूयॉर्कचा खेळाडू हॅक्स याने हाताच्या दुखापतींमुळे ‘बॉक्स’ हा बटणांचा कंट्रोलर घडवला. त्यात ठरावीक बटणे दाबली की ठरावीक कोन हमखास मिळतो. एका दाबाला एकच कृती, निर्णयही खेळाडूचाच. तरी अचूकता मात्र यंत्राची. म्हणून अशा डब्यांत मुद्दाम थोडी अनिश्चितता आणि अंगठ्याच्या प्रवासाइतका विलंब घालावा, असे प्रस्ताव त्या खेळाच्या वर्तुळात आले. दुखऱ्या हातांना सोयही हवी आणि फुकटची अचूकताही नको, अशी ती कसरत आहे.

रूम उघडण्याआधी

गावपातळीवर स्पर्धा घेणाऱ्यांनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात. कोणते साधन चालेल ते रूमचा आयडी देण्याआधी लिहून कळवावे, सामना हरल्यावर नव्हे. बॅटरीचा किंवा आपोआप टॅप करणारा ट्रिगर बंद. साध्या ट्रिगरबाबत काय ते एकदाच ठरवून सगळ्यांना सारखे लागू करावे. इम्युलेटर आणि टॅब्लेटवाल्यांचा गट वेगळा करावा. पबजी मोबाइलने इम्युलेटरवाल्यांना एकमेकांशीच भिडवण्याची पद्धत पूर्वीच आणली होती.

इतके केल्यावरही एक अन्याय उरतो, आणि त्याला कुणी चीटिंग म्हणत नाही: फोनची किंमत. शे-दोनशेच्या ट्रिगरवरून भांडणारा स्क्वॉड समोरच्याचा १२० चित्रांचा महागडा फोन निमूटपणे मान्य करतो. पटावर महागडी जोडी चालते, कारण तिथे बैलांचीच परीक्षा असते. इथे परीक्षा पोरांची आहे, फोनची नाही. त्यामुळे निदान अंतिम फेरीत तरी सगळ्यांच्या हाती एकच मॉडेल द्यावे. बक्षिसाच्या रकमेतला थोडा भाग त्यासाठी भाड्यावर गेला तरी बिघडत नाही; तेवढ्याने निकालावरचा निम्मा वाद मिटेल.