पडद्याबाहेर गेलेले शून्य

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळ्याच्या पुढचे स्थानक म्हणजे खडवली. जवळूनच भातसा नदी वाहते. या खडवलीत माझी थोरली बहीण राहते. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हा तिच्या घरी अडचण उभी राहिली. शिकणारी मुले दोन आणि मोबाईल एक, तोही तळहाताएवढा. गुरुजींनी फळ्यावर लिहिलेले वाचताना मुलांचे डोळे दुखू लागत. शेवटी माझ्या मेहुण्यांनी एक जुना संगणक स्वस्तात मिळवला. त्याचा स्वतःचा पडदा नव्हता. म्हणून त्यांनी घरातल्या दूरचित्रवाणी संचालाच तो एका तारेने जोडला. चित्र उमटले, आवाजही आला, आणि घरात आनंदीआनंद झाला.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा सातवीत शिकणारा माझा भाचा हिरमुसला होऊन बसलेला आढळला. मी विचारले, तर तो म्हणाला, "मामा, मला गणित येतच नाही. सरळव्याजाची उदाहरणे सारखी चुकतात." त्याची वही पाहिली. एका उदाहरणात मुद्दल ४५० रुपये, दर ६ टक्के व मुदत २ वर्षे अशी मांडणी होती आणि व्याज ५४ रुपये काढले होते. रीत बिनचूक होती, गुणाकार बिनचूक होता, तरी उत्तरावर फुली होती! शेजारच्या मुलाची वही मागवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. मुळातले मुद्दल ४५०० रुपये होते व उत्तर ५४० रुपये. गुरुजींनी ती संख्या फळ्याच्या अगदी उजव्या कडेला लिहिली होती आणि तिचे शेवटचे शून्य पडद्याबाहेर गेले होते.

मग आम्ही पडदा नीट निरखून पाहिला. खालच्या उजव्या कोपऱ्यातील घड्याळ अर्धे कापले गेले होते. मराठीच्या तासाचे जुने पान उघडले, तर पहिल्याच ओळीतील रफार आणि वेलांट्यांचे माथे नाहीसे झालेले. इंग्रजी अक्षराचा माथा थोडा कापला गेला तरी ते ओळखू येते. आपल्या लिपीत मात्र शिरोरेषेच्या वर जे बसते, त्यावर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो. 'मार्ग'चा रफार गेला की 'माग' उरतो.

मेहुण्यांनी एक शंका काढली, आणि ती मोठी रास्त होती. ते म्हणाले, "दोष टीव्हीत असता, तर सह्याद्रीवरच्या बातम्यासुद्धा कापल्या गेल्या असत्या. त्या तर पूर्ण दिसतात. तेव्हा दोष संगणकातच असला पाहिजे." ऐकणाऱ्यास हे पटावे असेच होते. परंतु खरी गोष्ट निराळी होती. बातम्यांचे चित्रही कडेने कापले जातच होते. फक्त ते कोणाच्या ध्यानी येत नव्हते. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या संचात काचेची एक मोठी किरणनलिका असे. तिच्या मागील टोकाकडून विद्युत्कणांचा झोत निघे आणि तो पडद्याच्या आतील लेपावर आडव्या ओळी ओढीत वरून खाली येई. झोत जेथे पडे तेथे लेप प्रकाशमान होई. आपल्या देशातील पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी असत आणि सेकंदाला अशी २५ चित्रे रेखली जात. आता हा झोत डावीउजवीकडे व वरखाली किती वळावा, हे नलिकेच्या मानेभोवती बसवलेल्या वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाहावर ठरे. घरातील विजेचा दाब कमीजास्त झाला, किंवा संच जुना होऊन त्याचे भाग झिजले, की चित्र आक्रसे व चोहोबाजूंनी काळी कड दिसू लागे. विजेचा दाब खालीवर होणे हे खेड्यापाड्यांतील लोकांना काही सांगावयास नको.

यावर उत्पादकांनी एक सोपी युक्ती योजली. त्यांनी चित्रच पडद्याहून थोडे मोठे काढावयास सुरुवात केली. म्हणजे ते थोडे आक्रसले तरी पडदा भरलेलाच राही. तसबीर करणारा कारागीर छायाचित्राच्या कडा चौकटीखाली दाबून टाकतो, तसाच हा प्रकार होय. चित्र पाठविणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक असल्यामुळे ते नावे, आकडे व महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत, सुरक्षित जागेत ठेवीत. बातमीदाराच्या मागच्या भिंतीची दोन बोटे कापली गेली, तर कोणाचे काय बिघडणार? संगणकाचे मात्र तसे नाही. तो पडद्याचा कोपरान्‌कोपरा वापरतो.

आजच्या सपाट संचात झोत नाही आणि नलिकाही नाही. त्याचा पडदा लक्षावधी चित्रबिंदूंचा बनलेला असतो. बहिणीकडील संचात आडव्या ओळीत १९२० व उभ्या ओळीत १०८० बिंदू, म्हणजे एकंदर २०,७३,६०० बिंदू आहेत. हे बिंदू जागचे हलत नाहीत. विजेचा दाब उतरला म्हणून चित्र आक्रसण्याची भीतीच उरलेली नाही. तरीदेखील चित्र वाढवून दाखविण्याची जुनी रीत अनेक संचांत तशीच राहिली आहे. कारण नाहीसे झाले तरी रूढी टिकून राहते, त्यातलाच हा मासला म्हणावयाचा. या वाढीव चित्रास 'ओव्हरस्कॅन' असे नाव आहे.

ही वाढ शेकडा ५ आहे असे धरून हिशेब करून पाहू. १९२० ला १.०५ ने भागले असता सुमारे १८२८ येतात. म्हणजे संगणकाने पाठविलेल्या १९२० बिंदूंपैकी १८२८ च पडद्यावर उमटतात आणि ९२ बाहेर जातात. डावीकडचे ४६ व उजवीकडचे ४६. याच रीतीने वरचे व खालचे सुमारे २६ बिंदू जातात. संगणकाच्या तळाशी असणारा टास्कबार पुष्कळदा ४० बिंदूंच्या उंचीचा असतो. त्यातील निम्म्याहून अधिक भाग गडप होतो तो असा. ३२ इंची संचाचा पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद असतो. त्या मानाने ४६ बिंदू म्हणजे जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. पण एक शून्य बाहेर जावयास तेवढी जागा पुरते!

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. १८२८ बिंदूंचे चित्र १९२० बिंदूंवर ताणून बसवावयाचे, तर एका बिंदूस एक बिंदू असा मेळ राहत नाही. शेजारशेजारचे बिंदू एकमेकांत मिसळावे लागतात आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात. मुलांना वाटते, आपले डोळेच अधू झाले.

तेव्हा उपाय प्रथम संचात करावयाचा, संगणकात नव्हे. दूरनियंत्रकावरील सेटिंग्जमध्ये जाऊन चित्राच्या आकाराची जागा शोधावी. तेथे निरनिराळ्या उत्पादकांनी एकाच गोष्टीस निरनिराळी नावे दिलेली आढळतात. एलजीच्या संचांत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगच्या अनेक संचांत 'स्क्रीन फिट', सोनीच्या संचांत 'फुल पिक्सेल', तर इतर कित्येकांत 'डॉट बाय डॉट' किंवा नुसते 'ओव्हरस्कॅन बंद' असे लिहिलेले असते. काही संचांत ज्या खोबणीत तार घातली आहे तिचे नाव बदलून 'पीसी' असे ठेवले, की संच आपण होऊन चित्र वाढविणे थांबवितो. मेहुणे तीन दिवस संगणकाशी झगडत होते. हे काम दोन मिनिटांत झाले.

त्यानंतर संगणकाकडे वळावे. तो १९२० × १०८० याच मापाचे चित्र पाठवीत आहे ना, हे त्याच्या पडद्याच्या सेटिंग्जमध्ये पाहावे. तार एचडीएमआय जातीची असली, तर संच आपले माप संगणकास स्वतःच कळवितो व बहुधा योग्य मापच निवडले जाते. जुन्या व्हीजीए तारेत मात्र चित्र थोडे एका बाजूस सरकलेले दिसू शकते. त्यासाठी संचात 'ऑटो अॅडजस्ट' असते.

अक्षरे बारीक वाटतात म्हणून पुष्कळ लोक हे मापच कमी करतात. मेहुण्यांनीही प्रथम १०२४ × ७६८ हे माप घेतले होते. येथे दुसराच घोटाळा उत्पन्न होतो. या मापाची रुंदी व उंची यांचे गुणोत्तर ४:३ आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, त्या काळापासून मूकपटांची चौकट याच प्रमाणाची होती आणि पुढे दूरचित्रवाणीनेही तीच उचलली. आजचा संच मात्र १६:९ या प्रमाणाचा आहे. १०८० उंचीच्या पडद्यावर ४:३ चे चित्र प्रमाणशीर बसविले, तर त्याची रुंदी १४४० भरते आणि दोन्ही बाजूंस २४०-२४० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या राहतात. पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणले, की ते रुंदीत सव्वापटीहून अधिक फुगते. भूमितीच्या तासाला भाचीने वहीत काढलेले वर्तुळ गोल आणि गुरुजींचे लंबगोल, याचे कोडे असे सुटले. अक्षरे मोठी हवी असतील, तर माप तसेच ठेवून केवळ मजकुराचा आकार १२५ किंवा १५० टक्के करावा. विंडोजमध्ये तशी सोय आहे.

कधी कधी उलटेही घडते. चित्र पूर्ण दिसते, पण चोहोकडे काळी चौकट उरते. संच चित्र वाढविणारच, असे गृहीत धरून संगणकातील चित्रपत्रानेच ते आधी आक्रसून पाठविलेले असते. एएमडीच्या चित्रपत्रांत ही 'अंडरस्कॅन'ची पट्टी शून्यावर आणून ठेवली की चौकट जाते. ज्या जुन्या संचात वाढ बंद करण्याची सोयच नसते, तेथे मात्र हीच आक्रसण्याची युक्ती कामी येते. अक्षरे किंचित धुरकट होतील, पण आकडा तरी बाहेर जाणार नाही.

सारे जुळले की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही एक साधी कसोटी घेतली. चित्र काढण्याच्या आज्ञावलीत १९२० × १०८० मापाचा पांढरा कागद घेतला, त्याच्या अगदी कडेने लाल रेघ ओढली, मधोमध एक चौरस काढला आणि तो कागद पूर्ण पडद्यावर आणला. लाल रेघ चारी बाजूंनी दिसली. भाच्याने पट्टी लावून चौरस मोजला. रुंदी व उंची दोन्ही सारखी भरली. मग त्याने आपली वही आणली आणि खोडलेली उदाहरणे ४५०० घेऊन पुन्हा सोडविण्यास बसला.

एक गोष्ट मात्र मागाहून कळली. संचातील ही निवड प्रत्येक खोबणीपुरती वेगळी असते. पुढच्या आठवड्यात साफसफाई करताना कोणी तार काढून दुसऱ्या खोबणीत घातली, आणि घड्याळ पुन्हा अर्धे झाले. या वेळी ते प्रथम भाच्यानेच ओळखले. त्याने तार पहिल्या खोबणीत घातली आणि संचाच्या पाठीवर एक चिठ्ठी डकविली: "संगणकाची तार येथेच लावावी."