दाताची कॅप : उपचारापूर्वी रुग्णाने जाणून घ्यावयाच्या बाबी

प्रस्तावना
किडलेल्या वा तुटलेल्या दातावर बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम आवरणास दंतवैद्यकात ‘क्राऊन’ म्हणतात. व्यवहारात ‘कॅप’ हा शब्द रूढ आहे. या शब्दामुळे, टोपीप्रमाणे हे आवरण घालता-काढता येते, असा समज होतो. वस्तुतः हा उपचार कायमस्वरूपी बदल घडविणारा आहे. म्हणून त्याविषयीचा निर्णय रुग्णाने समजून घेणे अगत्याचे ठरते.

कॅपची आवश्यकता
कॅपसाठी दात सर्व बाजूंनी साधारणतः १ ते २ मिलिमीटर घासावा लागतो. दंतवल्क, म्हणजेच इनॅमल, तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. त्यामुळे घासलेला भाग पुन्हा निर्माण होत नाही. रूट कॅनाल झालेल्या दाढेचा बराच भाग कीड व उपचार यांत गेलेला असतो; चावताना ती चिरण्याचा धोका असल्याने तेथे बहुधा कॅप आवश्यक असते. मात्र समोरच्या दाताचा बहुतांश भाग शाबूत असल्यास केवळ सिमेंट भरणेही पुरेसे होऊ शकते.

कॅपचे प्रकार
१) धातूची कॅप : पातळ असूनही टिकाऊ असते व दात कमी घासावा लागतो, परंतु ती दिसून येते. निकेलची अॅलर्जी असल्यास आधी सांगावे.
२) धातूवर सिरॅमिकचा थर : थराचा टवका उडू शकतो, हिरडी खाली सरकल्यास काठाशी काळसर रेषा दिसते.
३) झिर्कोनिया : मजबूत असल्याने दाढांसाठी उपयुक्त.
४) लिथियम डायसिलिकेट : नैसर्गिक दाताशी मिळतेजुळते असल्याने समोरच्या दातांसाठी योग्य.

कॅप बसविल्यानंतर
कॅपला कीड लागत नाही. तिच्या आतील दाताला मात्र लागते. कीड बहुधा हिरडीलगतच्या सांध्यातून शिरते. रूट कॅनाल झालेल्या दातात नस नसल्याने कीड वाढूनही ठणका लागत नाही आणि कित्येकदा दात मोडल्यावरच ती लक्षात येते. म्हणून दोन दातांमधील फट रोज फ्लॉसने स्वच्छ करावी व ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी. कॅप उंच लागत असल्यास वा झोपेत दात खाण्याची सवय असल्यास दंतवैद्यास त्वरित सांगावे.

समारोप
दात घासण्यापूर्वी रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत : कॅप का हवी? पर्याय कोणता? या दातासाठी हेच द्रव्य का? दात एकदा घासल्यानंतर विचारलेल्या प्रश्नांना फारसा अर्थ उरत नाही.