चूक दाखवणाऱ्याने कधी गप्प राहावे?

१९७६ सालची गोष्ट. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन या संगणकशास्त्रज्ञाने आपल्या प्रोग्राममधली एक चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायची, तेवढी राहून गेली होती. जॉन्सन नवा मजकूर वाचत होते आणि यंत्र जुनाच चालवत होते. वैतागून ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. त्या तक्रारीतून फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन लिहिले.

मेकची कल्पना छापखान्यातल्या माणसाला लगेच कळेल. एका लेखात दुरुस्ती झाली, तर तो लेख ज्या फर्म्यात आहे तेवढाच फर्मा पुन्हा छापायचा, सगळा अंक नव्हे. त्यासाठी कोणता लेख कोणत्या फर्म्यात आहे याची नोंद हवी. कोणती फाइल कोणत्या फायलींवर अवलंबून आहे आणि ती कशी तयार करायची, याची अशीच नोंद म्हणजे 'बिल्ड फाइल'. ती ज्या छोट्याशा भाषेत लिहितात ती बिल्डची भाषा.

याच जॉन्सन यांनी पुढे दोनेक वर्षांत 'लिंट' नावाचा प्रोग्राम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला कापसाचा धागा किंवा पिंजण. कपडा फाटलेला नसतो, पण झटकलेला बरा. सी भाषेतला प्रोग्राम वाचून लिंट सांगे, 'हे नाव घोषित केले, पण कुठेच वापरले नाही', 'या ओळीपर्यंत प्रोग्राम कधीच पोहोचणार नाही'. कंपायलरने झटपट भाषांतर करावे, काटेकोर वाचन लिंटने करावे, अशी ही कामाची वाटणी होती. तेव्हापासून अशा प्रत्येक साधनाला 'लिंटर' म्हणतात.

बिल्ड फाइलला स्वतःचा लिंटर का लागतो, हे मेकच्याच उदाहरणाने कळते. मेकच्या फाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना काही फरक दिसत नाही, मेक मात्र अडून बसते. ही गैरसोय फेल्डमन यांना लवकरच कळली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फायली मोडायच्या नाहीत म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. त्या डझनभरांची सोय पाहिली आणि पुढच्या लाखोंना अडचण झाली.

टॅबची चूक निदान ओरडून सांगते. खरा धोका मुकाट्याने निघून जाणाऱ्या चुकांचा. मेकमध्ये एखाद्या चलाचे नाव चुकीचे लिहिले तर ते तक्रार करत नाही. त्या जागी काहीच नाही असे समजून पुढे जाते. समजा, आज्ञा आहे, 'अमुक फोल्डरातला लिब हा उपफोल्डर पुसून टाक', आणि 'अमुक' या नावात एक अक्षर गळले. मग उरते ते एवढेच: 'मुळाशी असलेला लिब पुसून टाक'. अनेक संगणकांवर तिथे यंत्रणेच्या प्राणभूत फायली असतात. आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालली, तर एका अक्षराची किंमत अख्ख्या यंत्राने मोजावी लागते. अघोषित नावाबद्दल इशारा देण्याची सोय जीएनयू मेकमध्ये आहे, पण ती मुद्दाम मागावी लागते.

आता लिंटर आतून कसा चालतो ते पाहू. तो आधी मजकुराचे शब्द सुटे करतो. मग शाळेत आपण वाक्यपृथक्करण करत होतो तसा त्यांचा एक वृक्ष रचतो: ही यादी, हे नाव, ही नेमणूक. प्रत्येक नियम या वृक्षावरून फिरतो आणि आपल्यापुरते बघतो. कंपायलर आणि लिंटर यांच्यात इथे एक फरक आहे. माणसाने माणसासाठी लिहिलेल्या कॉमेंट कंपायलर टाकून देऊ शकतो. दुरुस्ती करून फाइल परत लिहिणाऱ्या लिंटरला मात्र त्या जिथल्या तिथे जपाव्या लागतात. नाहीतर दुरुस्ती होईल, पण लेखकाचा आवाज पुसला जाईल.

गूगलने २०१५ मध्ये 'बेझल' हे आपले बिल्डचे साधन सर्वांसाठी खुले केले. त्याची भाषा 'स्टारलार्क' दिसायला पायथॉनसारखी, पण जाणीवपूर्वक गरीब ठेवलेली आहे. फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची नाही, अनंत चालेल असे आवर्तन नाही. प्रोग्राम पुढे काय करील हे प्रत्येक वेळी आधी सांगणारे यंत्र बनू शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. म्हणून ज्याला वाचायचे आहे त्याचे काम सोपे व्हावे, यासाठी लिहिणाऱ्याचे स्वातंत्र्य थोडे कमी केले. गूगलच्या एकाच भांडारात २०१५ च्या सुरुवातीला सुमारे २०० कोटी ओळी होत्या, हे लक्षात घेतले तर या काटकसरीचे कारण पटते.

या भाषेचा लिंटर म्हणजे 'बिल्डिफायर'. तो अवलंबनांच्या याद्या वर्णानुक्रमे लावतो. हा टापटिपीचा हव्यास नव्हे. दोघांनी एकाच यादीच्या शेवटी भर घातली की त्यांचे बदल एकमेकांवर आदळतात. क्रम ठरलेला असला की टक्कर कमी होते. दुसऱ्या फाइलमधून मागवलेले पण न वापरलेले नाव तो सांगितल्यास स्वतः काढून टाकतो. न वापरलेल्या चलाबद्दल मात्र तो फक्त इशारा देतो, हात लावत नाही. असे चल कधी कधी दुसरीकडच्या टंकनदोषाची खूण असते; ते पुसले तर चूक जाणार नाही, चुकीचा पुरावा तेवढा जाईल. काय आपण दुरुस्त करावे आणि काय नुसते दाखवावे, ही सीमारेषा आखणे हेच लिंटर लिहिणाऱ्याचे अर्धे काम.

उरलेले अर्धे काम गप्प राहण्याचे. नवा नियम लिहिणे एका दुपारचे काम असते. तो विनाकारण कुठे कुठे बोलतो हे शोधण्यात महिने जातात. गूगलमधील अभियंत्यांनी २०१८ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. सापडलेले दोष एका वेगळ्या फलकावर मांडण्याचा त्यांचा प्रयोग फसला होता, कारण त्या फलकाकडे कोणी फिरकेना. पुढे त्यांनी विनाकारण इशाऱ्याची व्याख्याच बदलली. इशारा तर्काने बरोबर असो वा नसो, वाचून प्रोग्रामरने काहीच केले नाही, तर तो वाया गेला. सहकारी कोड तपासतात त्या टप्प्यावर दिसणाऱ्या इशाऱ्यांपैकी असे वाया जाणारे १० टक्क्यांहून कमी असावेत, असा दंडक त्यांनी घातला. दहा वेळा उगाच हटकणाऱ्याचे अकरावे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही. मेकसारख्या भाषेत ते अकरावे बोलणे नेमके त्या गळलेल्या अक्षराबद्दलचे असू शकते.

म्हणून चांगला लिंटर आपल्याला गप्प करण्याची सोय स्वतःच देतो. जॉन्सन यांच्या पहिल्या लिंटमध्येही कॉमेंट लिहून त्याला एखाद्या जागेपुरते थांबवता येई. बिल्डिफायरलाही 'ही यादी लावू नकोस' असे फाइलमध्येच सांगता येते. हा अपवाद लपत नाही. पुढच्या वाचकाला कळते, की इथे नियम मोडला गेला तो अजाणता नव्हे.

जुन्या फायलींचा प्रश्न सर्वांत नाजूक. नवा नियम लावताच वर्षानुवर्षे चाललेल्या कोडवर हजारो इशारे उमटतात आणि लोक लिंटरच बंद करतात. त्यावरचा उपाय असा, की जुने आहे तसे मान्य करायचे आणि नियम नव्या, बदललेल्या ओळींनाच लावायचा. मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटू नये. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे १४ नियम ठरवले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली. त्यांतच अशी तरतूद आहे, की केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य उद्धृत करताना मुळाबरहुकूम छापावे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी आपल्या नियमाची हद्दही नियमातच लिहून ठेवली.

चांगला मुद्रितशोधक प्रत्येक ओळीवर खूण करत नाही. शंका असेल तिथे तो समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि निर्णय लेखकावर सोडतो. त्याने लाल शाईने केलेली खूण लेखक मान्य करतो, ती त्याच्या या संयमामुळेच. लिंटर सुधारणे म्हणजे त्याला अधिक चुका शिकवणे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात त्याचे पुष्कळसे काम, तो बोलेल तेव्हा माणसाने ऐकावे इतका त्याचा शब्द राखणे, हे असते.